यंदा इल्वाचं सोंग नाही

हेल्लुविक गावात वर्षातून एकदा प्रत्येकाची अब्रू काढतात, आणि ज्याची काढत नाहीत तो आठवडाभर तोंड फुगवून बसतो. भर हिवाळ्यातल्या थोर्रीच्या महिन्यात, दिवस जेमतेम पाच-सहा तासांचा असतो तेव्हा, सगळं गाव सभागृहात जमतं, आंबवलेलं शार्क आणि मेंढ्यांच्या भाजलेल्या मुंड्या खातं, आणि पाच जणांची समिती गावकऱ्यांची सोंगं काढते. कुणी होडीची किल्ली पाण्यात घालवली, कुणी पाद्र्यालाच त्याचं प्रवचन ऐकताना घोरून दाखवलं, सगळं बाहेर येतं. ज्याचं सोंग निघेल त्यानं उठायचं, पेला उंच धरायचा आणि एक घोट घ्यायचा. दोनशे दहा माणसांचं गाव. नवा डॉक्टर आला की पहिल्या वर्षी त्याला पाहुणा म्हणतात. दुसऱ्या वर्षी त्याचं सोंग निघालं की तो गावचा झाला.

दागरून याच गावची, पण गेली तीस वर्षं राजधानीत, रेक्याविकमध्ये राहून कादंबऱ्या लिहिणारी. पहिल्या पाच कादंबऱ्या नातेवाइकांनी आणि ग्रंथालयांनी घेतल्या. सहावी मात्र गेल्या नोव्हेंबरात आली आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी देशभरच्या भेटींच्या कागदांतून बाहेर पडली. त्या संध्याकाळी पुस्तक घेऊन अंथरुणात शिरायची सगळ्यांनाच सवय. हेल्लुविकमध्ये तर एकाच रात्री साठ घरांत तीच कादंबरी उघडली गेली. काही घरांत तीन-तीन प्रती आल्या.

कादंबरी एका सोळा वर्षांच्या मुलीच्या तोंडून सांगितलेली. तिला जग आपल्यासारखं दिसत नाही, ऐकू येत नाही. मुलीचं नाव वेगळं होतं, केस काळे केले होते, गावही दुसऱ्या किनाऱ्यावर नेलं होतं. पण दोनशे दहा माणसांत केस काळे करून काय होतंय! ती दागरूनच्या भावाची, तोर्वीची मुलगी इल्वा आहे हे पहिल्या पानावरच सगळ्यांनी ओळखलं.

थोर्रीच्या जेवणाच्या दिवशी दुपारी दागरून गावात उतरली आणि भावासाठी काहीतरी घ्यावं म्हणून दुकानात शिरली. दुकान बेर्गथोराचं. बेर्गथोरा यंदा समितीची प्रमुखही होती. दागरूनला बघताच ती गल्ल्यामागून बाहेर आली आणि तिनं तिला घट्ट मिठी मारली.

"दागरून, तू आमचे डोळे उघडलेस गं," ती म्हणाली. "आम्ही नुसते आंधळे होतो."

स्तुती ऐकायची दागरूनला गेल्या तीन महिन्यांत सवय झाली होती. तिनं मान जराशी कलती करून हसायला सुरुवातही केली.

"आणि काळजी करू नकोस," बेर्गथोरा आवाज खाली आणत म्हणाली. "यंदा इल्वाचं सोंग ठेवलेलं नाही. समितीचं एकमत झालं. सतरावं प्रकरण वाचल्यावर कुणाची छाती होणार सांग? माझ्या नवऱ्यानं तर ती पिवळी टोपी शेगडीत घातली."

दागरूनचं हसू तोंडावर तसंच राहिलं. तिनं कॉफीचं पाकीट विकत घेतलं, सुटे पैसे न घेताच बाहेर पडली आणि गाडीत जाऊन बसली. गाडी सुरू करायला तिला बराच वेळ लागला.

पिवळी टोपी ही मागच्या वर्षीची गोष्ट. इल्वा शनिवार-रविवार गावच्या गरम पाण्याच्या तलावावर काम करते. पाण्यात उतरण्याआधी कपडे काढून साबणानं अंघोळ करायची, हा तिथला नियम. कुठल्याशा मंत्रालयातला एक साहेब आला आणि चड्डीवरच नळाखाली उभा राहून निघाला, तर इल्वानं त्याला परत पाठवलं. साहेबानं आपण कोण हे सांगितलं. इल्वा म्हणाली, "घाण सगळ्यांचीच सारखी असते." हे ऐकल्यावर समिती सोडते होय! बेर्गथोराच्या धिप्पाड नवऱ्यानं पिवळी टोपी घालून इल्वाचं सोंग घेतलं, आणि गाव खुर्च्यांवरून खाली पडायचं बाकी राहिलं. इल्वा खुर्चीवर उभी राहून ओरडली होती, "दोनदा नाही, तीनदा परत पाठवला!" हशाचा दुसरा लोंढा उठला तो तिच्यामुळेच.

दागरून तेव्हा तिच्या शेजारीच बसली होती. हे तिनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरीही तिनं सतरावं प्रकरण लिहिलं.

इल्वा नऊ वर्षांची असताना डॉक्टरांनी तिच्या वेगळेपणाला एक नाव दिलं. गावानं ते ऐकून घेतलं आणि पुढे तिला 'तोर्वीची पोर' असंच म्हणत राहिलं. दागरून सुट्टीला आली की दोघी बंदरावर, तोर्वी मासे तोलतो त्या वजनकाट्याच्या खोलीत बसायच्या. इल्वा बोलायची आणि दागरून टिपून घ्यायची. रस्त्यावरचा दिवा गुणगुणतो आणि तो कुठल्या सुरात गुणगुणतो. बाहेरच्या खडीवर पाय वाजले की कोण येतंय आणि ते घरी भांडून आलंय का. माणसाचं तोंड एक बोलतं, डोळे दुसरं आणि हात तिसरंच, आणि तिला ती तिन्ही एकदम ऐकू येतात. लोकांना वाटायचं तिला काही कळत नाही. तिला इतकं कळायचं की दमून जायची.

"पण हसताना नाही," ती एकदा म्हणाली होती. "सगळे खरंखुरं हसतात ना आत्या, तेव्हा सगळे चेहरे एकच गोष्ट सांगतात. तेवढाच वेळ मला विश्रांती मिळते. म्हणून मला थोर्रीचं जेवण आवडतं."

दागरूननं ते वाक्य शब्दन् शब्द उतरवून घेतलं होतं. कादंबरीच्या पहिल्या खर्ड्यात ते होतंही.

पुस्तकाबद्दल विचारल्यावर इल्वानं एकच अट घातली होती. "खरं असेल तर लिही. खरं नसेल तर आधी मला दाखव." दागरूननं सोळा प्रकरणं दाखवली. इल्वानं त्यांत नऊ चुका काढल्या आणि त्या सगळ्या चुकाच होत्या.

मग संपादिका आली. सिग्नी नाव, हुशार बाई, वीस वर्षं पुस्तकं खपवलेली. "सुंदर आहे," ती म्हणाली, "पण दुखत कुठेच नाही. ही मुलगी फार हसते गं. असली निवेदक वाचकाला ओळखू येत नाही. वाक्यं तोड. विनोद काढ. याद्या घाल, आकडे घाल. आणि तिला जे कळत नाही ते वाचकाला कळलं पाहिजे, रडू तिथे येतं."

"पण तिला कळतं," दागरून म्हणाली.

"तुझ्या भाचीला कळत असेल. कादंबरीतल्या मुलीला कळून कसं चालेल?"

दागरून घरी आली आणि तिनं वाक्यं तोडली. विनोद काढले. विश्रांतीचं ते वाक्यही काढलं आणि त्याच्या जागी सतरावं प्रकरण बसवलं: गावचं जेवण, मुलीचं सोंग, सगळे हसताहेत, मुलगीही त्यांचं बघून तोंड वाकडं करून हसण्याची नक्कल करते, आणि मग कोटांच्या कपाटात शिरून दार लावून घेते. अंधारात बसून ती हसणारे आवाज मोजते. तीन दिवसांत लिहून झालं. इतकं सहज तिला आयुष्यात काही लिहिता आलं नव्हतं, आणि तेव्हाच तिला संशय यायला हवा होता. ते प्रकरण तिनं इल्वाला पाठवलं नाही. वेळ नव्हता, असं तिनं स्वतःला सांगितलं. वेळ होता. छपाईला पाच आठवडे होते.

तेच प्रकरण गाजलं. अकरा ग्रंथालयांत तिनं ते वाचून दाखवलं आणि अकराही ठिकाणी बायका डोळे पुसत होत्या. नाताळनंतर इल्वाचा फोन आला. "सतरावं प्रकरण माझ्याबद्दल नाही ना?" दागरून म्हणाली, "नाही." "मग ठीक. कादंबरीत बनवतातच," इल्वा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. कादंबरी म्हणजे काय हे त्या पोरीला बरोबर कळलं होतं. कळलं नव्हतं ते बाकीच्या दोनशे नऊ जणांना.

तोर्वीच्या घरी इल्वा आरशासमोर उभी होती. अंगात नवा लाल स्वेटर, केस बांधलेले.

"आत्या, आज मी भिंतीकडे नाही, मधल्या वाटेच्या खुर्चीवर बसणार आहे," ती म्हणाली. "उठून उभं राहिलं की सगळ्यांना दिसायला हवं. यंदा तर ते मला सोडणारच नाहीत."

"एवढं काय केलंयस?" दागरूननं विचारलं.

"काय केलंय विचार!" तोर्वी स्वयंपाकघरातून ओरडला. "गाडी शिकताना पाद्र्याचा झेंड्याचा खांब उलथवला हिनं. उलटी गाडी घेत होती. खांब पडला तो पाद्र्याच्या बायकोच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. पाद्रीबुवा चड्डीत धावत आले आणि ही त्यांना म्हणते, 'आरशात खांब नव्हता!'"

"नव्हताच," इल्वा म्हणाली. "खांब बारीक आहे." आणि दोघं बापलेक हसत सुटले. तोर्वीनं हसता हसता बहिणीकडे पाहिलं. "दाग्गा, तू का अशी आंबट तोंडानं बसलीस? शार्क आत्ताच खाल्लंस का?"

खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगाच नाही. दागरूनला वाटलं, आत्ता सांगावं. पण इल्वा स्वेटरची बाही सारखी करत होती, आणि तिला सांगायचं म्हणजे सगळं सांगावं लागलं असतं, ते न पाठवलेलं प्रकरण, ते पाच आठवडे. दागरून उठली. "जरा सभागृहात जाऊन येते," ती म्हणाली. जेवणाला अजून दोन तास होते. दोन तासांत एक सोंग उभं राहू शकतं; खांब काय, झाडूचासुद्धा चालला असता.

सभागृहात बेर्गथोरा शिडीवर चढून कागदी मासे टांगत होती.

"बेर्गथोरा," दागरून खालून म्हणाली, "ते सतरावं प्रकरण... म्हणजे बघ, कादंबरी ही शेवटी कादंबरीच असते."

"माहीत आहे गं. पण आतून आल्याशिवाय असलं लिहिता येतं का?" बेर्गथोरा खाली उतरली. "मी न्हाणीघरात जाऊन रडले. मागच्या वर्षी आम्ही त्या पोरीला केवढं छळलं!"

"तिला तसं वाईट वाटलं नसेल. ती हसत होती की."

"हसत होती!" बेर्गथोरानं तिचा हात धरला. "ती आपलं बघून हसल्याची नक्कल करते, असं तूच लिहिलंयस ना?"

तिनं कपाट बांधलं होतं आणि त्याला बाहेरून कुलूपही तिनंच घातलं होतं. आता इल्वा हसली तरी ते दुःखच ठरणार होतं. 'मी ते खोटं लिहिलं' एवढंच म्हणायचं होतं. पण समोर बेर्गथोराचे डोळे भरून आले होते, आणि ते डोळे दागरूनकडे अशा नजरेनं बघत होते, जशी नजर या गावानं तिच्यावर कधी टाकली नव्हती. तीस वर्षं ती इथे 'तोर्वीची ती शहाणी बहीण' होती. ताकाला जाऊन भांडं लपवावं तशी ती आणखी दोन मिनिटं उभी राहिली, मग म्हणाली, "मासे छान दिसताहेत." आणि परत आली.

सहा वाजता सभागृह भरलं. मुंड्या आल्या, शार्क आलं, ब्रेनिविन दारूच्या बाटल्या फिरल्या. इल्वा मधल्या वाटेच्या खुर्चीवर, बिनदारूच्या माल्टचा पेला भरून तयार. पहिलं सोंग दुकानदारणीचं, खुद्द बेर्गथोराचं. दुसरं डॉक्टरचं. तिसरं दागरूनचं निघालं: गळ्यात लांबलचक स्कार्फ, हातात वही, आणि ती वहीवाली बाई प्रत्येकाच्या मागे फिरत विचारते, 'हे मी कादंबरीत घेऊ का?' शेवटी संडासाच्या दाराशी कान लावून उभी राहते. सभागृह दणाणलं. इल्वानं टाळ्या वाजवल्या, "उठ आत्या, उठ!" म्हणून तिला ढोसलं. दागरून उठली, तिनं पेला उंच धरला आणि घोट घेतला. तिचं गावात स्वागत झालं होतं.

मग पाद्रीबुवा आले, म्हणजे पाद्रीबुवांचं सोंग आलं, चड्डीत. इल्वा खुर्चीच्या कडेवर सरकली. तिनं पेला हातात घेतला. रंगमंचावर खांब होता, दोरीवर कपडे होते, सगळं होतं. पडद्यामागून कुणीतरी पंखा लावला, वाऱ्याचा आवाज काढला, आणि खांब पडला.

"मेल्या वाऱ्या!" सोंगातला पाद्री ओरडला.

लोक हसले, पण बेतानं, ताटात बघत. ज्यांना खरं माहीत होतं, म्हणजे सगळ्यांनाच, त्यांनी एकदा हळूच इल्वाकडे पाहून घेतलं. पलीकडच्या टेबलावरच्या डॉक्टरच्या बायकोनं तिला डोळ्यांनीच 'ठीक आहेस ना?' विचारलं.

इल्वा अर्धी उठली होती. ती तशीच राहिली, पेला हातात.

"वारा नव्हता," ती मोठ्यानं म्हणाली. "तो मी पाडला."

बेर्गथोरा रंगमंचाच्या कडेला आली आणि आजारी माणसाशी बोलतात तशा आवाजात म्हणाली, "माहीत आहे बाळा. घाबरू नकोस. तुला इथे कुणीही हसणार नाही."

इल्वानं सगळीकडे पाहिलं. दागरूनला ठाऊक होतं ती काय करते आहे; ती तोंडं, डोळे आणि हात वाचत होती, एकेका टेबलावरचे, सगळे एकदम. मग ती हळूच खाली बसली.

"त्यांनी सतरावं प्रकरण खरं धरलंय," ती म्हणाली.

"हो."

"तुला कधी कळलं?"

"दुपारी. दुकानात."

"मी स्वेटर घालत होते त्याच्या आधी?"

"आधी," दागरून म्हणाली.

तोर्वीनं बहिणीकडे पाहिलं. त्याला आत्ता सगळं कळत होतं. त्यानं आपली ताटली दूर सारली.

दागरून उभी राहिली. "ऐका," ती म्हणाली, "ते सतरावं प्रकरण मी बनवलं. इल्वा कधी कुठल्या कपाटात गेलेली नाही. मागच्या वर्षी सगळ्यांत जास्त तीच हसली. तुम्ही पाहिलंत ते खरं होतं, मी लिहिलं ते खोटं. पुस्तकात दुखायला हवं होतं म्हणून मी ते घातलं. लाज वाटते मला."

वरातीमागून घोडं ते, पण निदान आलं तरी, असं तिला क्षणभर वाटलं. कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. बघता बघता सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं, हळुवार, आदरानं. मागे बसलेली एक म्हातारी शेजारणीला सांगत होती ते साऱ्या टेबलाला ऐकू गेलं. "बघा, काय मन आहे! पोरीची लाज झाकायला स्वतःला खोटारडी म्हणवून घेतेय."

"नाही हो, खरंच," दागरून म्हणाली, पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. ती खाली बसली.

"तू फार चांगलं लिहिलंस, आत्या," इल्वा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर दागरूनला सोपं गेलं असतं. "वाईट लिहिलं असतंस तर मी त्यांना पटवून देऊ शकले असते."

"मी काय करू, इल्वा? सांग, मी काहीही करीन."

इल्वानं खरोखरच विचार केला. "मला सुचत नाहीये," ती म्हणाली. "तुला सुचलं तर सांग."

सोंगं संपली, टेबलं बाजूला सरकवली आणि वादक मंडळी आली. एरवी त्यांचा पहिला ढोल वाजला की खिडक्या थरथरतात. आज अकॉर्डियनवाल्यानं बेर्गथोराकडे पाहिलं, बेर्गथोरानं इल्वाकडे पाहून हात खाली दाबला, आणि ते अंगाईसारखं वाजवू लागले. चार-पाच जोड्या पावलं न वाजवता नाचत होत्या. बाकीचे भिंतीशी उभे राहून कुजबुजत होते. वर्षभर ज्या संध्याकाळची वाट पाहिली तिचा असा दुखवटा झाला होता, आणि दर थोड्या वेळानं कुणी ना कुणी इल्वाकडे बघून प्रेमानं हसत होतं.

इल्वा दहा मिनिटं बसली. मग उठून तिनं खुंटीवरचा आपला कोट अंगात चढवला.

"कुठे चाललीस?" तोर्वीनं विचारलं.

"घरी. मी आहे तोवर ते नाचणार नाहीत."

"बसू देत तसेच. मी येतो तुझ्याबरोबर."

"नको बाबा. तू नाच. तू आलास तर त्यांना वाटेल मला काहीतरी झालंय." तिनं कोटाची बटणं लावली, खालून वर, एकही न चुकवता. जाताना तिनं बेर्गथोराला 'मासे छान आहेत' म्हणून सांगितलं आणि दार हलक्या हातानं लोटून घेतलं.

दाराचा आवाज झाला तसा सगळ्या सभागृहानं श्वास सोडला. अकॉर्डियनवाल्यानं बाही वर केली, ढोल वाजला, खिडक्या थरथरल्या आणि भिंतीशी उभी असलेली माणसं हसत, ढकलत मधे आली. तोर्वी मात्र जागचा हलला नाही.

बेर्गथोरा गर्दीतून वाट काढत दागरूनपाशी आली आणि तिनं तिचे दोन्ही हात हातात घेतले. तिचे डोळे पुन्हा भरले होते.

"नाहीच सोसलं गं तिला," ती दागरूनच्या कानाशी ओरडून म्हणाली. "अगदी तू लिहिलंस तसंच झालं."